पोटदुखी, वात आणि घरगुती उपचार : उपयोग आणि मर्यादा

(शेळगाव, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे येथे ग्रामस्थ, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेळगावसारख्या गावात रात्री कोणाचे पोट दुखू लागले की घरातील वडीलधारी बाई प्रथम मसाल्याच्या डब्याकडे वळते. चिमूटभर ओवा, मिठाचा खडा आणि वर घोटभर कोमट पाणी हा उपचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पुष्कळदा त्याने आराम पडतो. काही वेळा मात्र आराम पडत नाही, आणि तरीही ओव्यावर ओवा, सोड्यावर सोडा देत रात्र काढली जाते. सकाळी रुग्णाला दवाखान्यात नेईपर्यंत हाती असलेला वेळ निघून गेलेला असतो. यास्तव घरगुती औषधांचा गुण कोणता, तो का येतो आणि त्यांच्यावर विसंबून राहणे कोठे थांबवावे, या तिन्ही गोष्टींचा विचार एकत्रच केला पाहिजे.

वात म्हणजे नेमके काय

आयुर्वेदाने पोटातील दुखण्यास शूल, फुगण्यास आध्मान आणि मलवायू अडून राहण्यास आनाह अशी वेगवेगळी नावे दिली आहेत. आयुर्वेदातील वात ही संकल्पना व्यापक आहे. तिचा अर्थ केवळ पोटातील हवा असा नव्हे. व्यवहारात मात्र आपल्याकडे पोटातील हवेलाच वात किंवा गॅस म्हणतात.

ही हवा दोन मार्गांनी निर्माण होते. घाईघाईने जेवताना, बोलत बोलत खाताना किंवा फसफसणारी पेये पिताना काही हवा गिळली जाते. ती बहुतांशी ढेकरेवाटे बाहेर पडते. दुसरा मार्ग मोठ्या आतड्यातील आहे. लहान आतड्यात न पचलेले अन्न तेथे पोहोचले की तेथील असंख्य सूक्ष्मजंतू ते आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन हे वायू तयार होतात. या वायूंना वास नसतो. दुर्गंधी येते ती गंधकयुक्त वायूंच्या अल्पशा अंशामुळे. निरोगी माणसाचाही वायू दिवसातून दहा ते वीस वेळा सरतो. तो रोग नव्हे, लाजेची बाबही नव्हे.

आतड्यातील ही हवा आतड्याबाहेर पडून गुडघ्यात, पाठीत किंवा डोक्यात शिरत नाही. ‘गॅस छातीत चढला’ या एका समजुतीमुळे किती गंभीर दुखणी अंगावर काढली जातात, याचा विचार पुढे येईल.

पोट फुगण्याची घरातली कारणे

नीरा डाव्या कालव्याचे पाणी येण्यापूर्वी बारामती-इंदापूरचा हा टापू ज्वारी, बाजरी, मटकी आणि हुलग्याचा होता. हुलग्याचे माडगे हे येथल्या कष्टकऱ्याचे अन्न होते. कालव्यामागोमाग ऊस आला, साखर आली, गहू आला आणि दिवसातून अनेक वेळा होणारा चहाही आला. आहार बदलला; पोटाच्या तक्रारींचे स्वरूपही त्याबरोबर बदलले.

कडधान्यांनी वात होतो, हा जुना अनुभव खरा आहे. मटकी, हुलगा, हरभरा, वाल यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या जातीच्या शर्करा असतात. त्या पचविणारे पाचकद्रव्य मनुष्याच्या लहान आतड्यात नसते. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात जातात आणि तेथे आंबतात. म्हणून कडधान्ये सोडून द्यावीत असे मात्र नाही. गरिबाच्या ताटातील प्रथिने तीच आहेत. ती रात्रभर भिजवावीत, भिजवलेले पाणी टाकून द्यावे, शक्य तेव्हा मोड आणावेत आणि मऊ शिजवावीत. या प्रत्येक पायरीत त्या शर्करांचे प्रमाण घटते. घरोघरी होणारी मोडाची उसळ ही या दृष्टीने शास्त्रशुद्ध कृती आहे.

दुधाचेही असेच. दुधातील साखर पचविण्याची शक्ती पुष्कळ प्रौढ माणसांत कमी झालेली असते. अशांना पेलाभर दुधाने पोट फुगते, परंतु दही व ताक सोसते. कारण विरजणातील जंतूंनी त्या साखरेचा काही भाग आधीच खर्च केलेला असतो. जेवणाअखेर जिरे-सैंधव घातलेले ताक घेण्याच्या रिवाजास असा आधार आहे.

याखेरीज काही सवयी आहेत. पहाटे रिकाम्या पोटी चहा, त्यावर मिश्री किंवा तंबाखू, मग दुपारपर्यंत उपाशी आणि त्यानंतर भरपेट तिखट जेवण, हा क्रम शेतमजूर स्त्रिया आणि ऊसतोड कामगार यांच्यात सर्रास दिसतो. अशा पोटाला कोणतेही चूर्ण कायमचा गुण देऊ शकणार नाही. पहाटे भाकरीचा तुकडा खाऊन बाहेर पडणे आणि मिश्री सोडणे, हेच तेथे खरे औषध होय.

मसाल्याच्या डब्यातील औषधे

ओव्याचा उग्र वास थायमॉल या द्रव्याचा असतो. ते जंतुरोधक असून ओव्याच्या अर्काने आतड्याच्या स्नायूंचा पीळ सैल पडतो, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. पाव ते अर्धा चहाचा चमचा ओवा चावून कोमट पाणी प्यावे. याहून अधिक घेऊन अधिक गुण येत नाही, उलट जळजळ होते. गर्भवतींनी ओवा औषध म्हणून मोठ्या प्रमाणात घेऊ नये.

हिंग हा फेरुला जातीच्या झुडपाच्या मुळातून पाझरणारा डिंक होय. तो मुख्यतः अफगाणिस्तान, इराण व मध्य आशियातून येत आला आहे. भारतात त्याच्या लागवडीचा पद्धतशीर प्रयत्न ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात पालमपूरच्या संशोधन संस्थेने सुरू केला. बाजारातील बांधणी हिंगात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, हे ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी ध्यानात ठेवावे. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग या आठ द्रव्यांचे हिंग्वष्टक चूर्ण जेवणाच्या पहिल्या घासात तुपाबरोबर घेण्याची आयुर्वेदाची पद्धत आहे. त्यात मीठ असल्याने रक्तदाबाच्या रुग्णांनी ते नित्य घेऊ नये.

जिरे आणि बडीशेप ही सौम्य द्रव्ये होत. जेवणानंतर ती चावून खाण्यास हरकत नाही. सुंठ किंवा आले मळमळीवर उपयुक्त ठरते, असे अनेक चाचण्यांत आढळले आहे. पुदिन्याच्या जातीतील पेपरमिंटचे तेल विशिष्ट आवरणाच्या कॅप्सूलमधून दिल्यास आतड्याच्या वारंवार होणाऱ्या मुरड्यास उतार पडतो, याला आधुनिक वैद्यकाचाही दुजोरा आहे. मात्र ज्यांना घशाशी आंबट येते त्यांची जळजळ पुदिन्याने वाढू शकते. मलावरोधामुळे पोट जड असेल तर इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्यावे. अपुऱ्या पाण्याबरोबर घेतल्यास ते घशात किंवा आतड्यात अडकण्याची भीती असते. खाण्याचा सोडा क्षणभर आराम देतो, पण त्यातील सोडियममुळे रक्तदाब, हृदय आणि मूत्रपिंड यांच्या रुग्णांना तो अपायकारक आहे.

बिनखर्चाचे उपायही विसरू नयेत. जेवणानंतर शतपावली, पोटावर कोमट पाण्याच्या पिशवीचा शेक आणि उताणे पडून गुडघे पोटाशी घेणे, यांनी अडलेला वायू सरतो.

तान्ह्या बाळाचे पोट

तान्हे मूल पाय पोटाशी घेऊन रडू लागले की घर हवालदिल होते. पहिल्या तीन-चार महिन्यांत असे रडणे बहुधा आपोआप कमी होते. दूध पाजल्यावर बाळाला खांद्याशी उभे धरून ढेकर काढणे हा पहिला उपाय होय.

बाळघुटीविषयी मात्र स्पष्ट बोलणे भाग आहे. मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हिरडा ही द्रव्ये सहाणेवर उगाळून देण्यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु सहाण आणि पाणी स्वच्छ नसेल तर त्याच चाटणाबरोबर जुलाबाचे जंतू पोटात जातात, आणि किती वळसे उगाळले यावर मात्रा ठरत असल्याने ती दर वेळी बदलते. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीही देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक वर्षाच्या आत मध देऊ नये. हिंगाचा लेप बेंबीभोवती लावण्याची चाल आहे, पण तान्ह्या बाळाच्या पोटात हिंग मुळीच जाता कामा नये. त्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटल्याचे वैद्यकात नमूद आहे.

आणि चटके देणे हा तर उपचारच नव्हे. मेळघाटात बाळाचे पोट फुगले की तापल्या विळ्याने पोटावर ‘डंबा’ देण्याची प्रथा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यात अवघ्या बावीस दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर पासष्ट चटके दिल्याचे उघड झाले. ते मेळघाटचे, आपले नव्हे, असे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. पोटावर बिब्बा लावून कातडी भाजणे हे त्याच जातीचे अज्ञान आहे.

ओवा बाजूला ठेवण्याची वेळ

काही खुणा दिसताच घरगुती उपचार तत्काळ थांबवावेत. बेंबीभोवती सुरू झालेले दुखणे काही तासांनी पोटाच्या उजव्या खालच्या बाजूस स्थिरावले, ताप आला, उलटी झाली, तर ते आंत्रपुच्छाचा दाह असू शकतो. अशा वेळी ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळणे किंवा एरंडेलाचा जुलाब देणे म्हणजे सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्यास निमंत्रण होय. पोट नगाऱ्यासारखे ताठ होणे, मल व वायू दोन्ही बंद होणे, हिरवी किंवा रक्ताची उलटी, डांबरासारखा काळा मल आणि गरोदरपणातील तीव्र पोटदुखी या सर्व तातडीच्या अवस्था आहेत.

चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या पोटाच्या वरच्या भागात किंवा छातीत दडपण येऊन घाम सुटला, दम लागला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर तो हृदयविकाराचा झटका समजावा. मधुमेही रुग्णांत आणि स्त्रियांत तो पुष्कळदा केवळ अपचनाच्या रूपाने येतो. सोडा देऊन ढेकरेची वाट पाहण्यात जो तास जातो, त्याच तासात प्राण वाचू शकतात. अशा वेळी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही मोफत रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे.

काही दुखणी सावकाश येतात. पोट आठवडेच्या आठवडे फुगलेले राहणे, वजन घटणे, अन्नावरची वासना जाणे ही यकृताच्या विकाराची, कर्करोगाची किंवा स्त्रियांमध्ये अंडाशयाच्या रोगाची सूचना असू शकते. जठरातील व्रण तिखटाने आणि चिंतेने होतो, असे वैद्यकही दीर्घकाळ मानीत असे. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी त्यामागील जंतू शोधला आणि २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज तो व्रण चौदा दिवसांच्या औषधांनी बहुधा बरा होतो. सांधेदुखीसाठी नित्य घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या हे व्रणाचे दुसरे मोठे कारण आहे. अशा रुग्णाने वर्षानुवर्षे चूर्णे फाकत राहणे म्हणजे बरे होणारे दुखणे जोपासणेच होय.

शाळा आणि पंचायत यांचे काम

हा विषय केवळ घराचा नाही. मुलांच्या फुगलेल्या पोटामागे पुष्कळदा जंत असतात. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि शाळा व अंगणवाड्यांतून एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांची यादी करून त्यांना गोळी मिळेल असे पाहणे शिक्षकांच्या हाती आहे. जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय शाळेतच लागते.

पंचायतीने पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण एक दिवसही चुकू देऊ नये. आषाढी वारीच्या काळात, संत तुकाराम महाराजांची पालखी इंदापूर तालुक्यातून जाते तेव्हा, ही दक्षता दुप्पट हवी. उसाच्या हंगामात फडाकडेला उतरणाऱ्या कुटुंबांपर्यंत शुद्ध पाणी आणि शौचालय पोहोचणे हेही त्यात आले. वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा आणि १०८ हा क्रमांक चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगविण्यास फारसा खर्च येणार नाही. रात्री-अपरात्री रुग्ण नेण्यासाठी गावातील कोणती वाहने उपलब्ध होतील, हे आधीच ठरवून त्यांचे क्रमांक त्याच भिंतीवर लिहावेत.

आजीच्या डब्यातील ओवा टाकून देण्याचे कारण नाही. साध्या दुखण्याला तो आजही पुरेसा आहे. परंतु एकदा दिलेल्या ओव्याने तास-दोन तासांत उतार पडला नाही, किंवा सांगितलेली एखादी खूण दिसली, तर डबा मिटून गाडी बोलवावी. ही एवढी शिस्त प्रत्येक उंबऱ्याच्या आत पोहोचली, तर घरगुती औषधाचा मानही राहील आणि माणूसही वाचेल.