टायर, बेअरिंग की नमदा?

धार जिल्ह्यात पीथमपूरला नॅट्रॅक्स ही वाहनचाचणीची मोठी संस्था आहे. २०२१ च्या जूनमध्ये तिथल्या ११.३ किलोमीटरच्या हायस्पीड ट्रॅकचं उद्घाटन झालं, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याच्या लांबीचं कौतुक केलं. त्याच आवारात आवाज मोजण्यासाठी वेगळा ट्रॅक आहे, त्याचं नाव मात्र फारसं कुणी घेतलं नाही. सेकंडहँड गाडी घेऊन तिच्या आवाजाने पस्तावलेल्या माणसाला खरं तर त्याच ट्रॅककडून शिकण्यासारखं आहे.

टायरचा आवाज मोजण्याची अनेक देशांनी मान्य केलेली पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या ११७ क्रमांकाच्या नियमात आहे. गाडी वेगात आणायची, गिअर काढायचा, एंजिन बंद करायचं आणि गाडी नुसती वाहू द्यायची. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास ती मायक्रोफोनसमोरून जाते. मायक्रोफोन ट्रॅकच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर आणि जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर असतो. एंजिन गप्प झालं की उरतो तो मुख्यतः टायर आणि रस्त्याचा आवाज. मर्यादाही रुंदीप्रमाणे ठरलेल्या आहेत. मोटारीच्या १८५ मिलिमीटरपर्यंतच्या टायरला साधारण ७० डेसिबल, २७५ च्या पुढच्याला ७४. म्हणजे आधीच्या मालकाने हौसेने रुंद टायर आणि अलॉय बसवले असतील, तर आवाजही बहुधा त्यांच्याबरोबरच आला.

धार जिल्ह्यातल्याच निसरपूर, कुक्षी, मनावर या पट्ट्यातल्या गाडीवाल्याला हीच चाचणी थोडी बदलून करता येते. मोकळा, सरळ, सपाट रस्ता बघायचा, वेग धरायचा आणि गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची. एंजिन बंद करायचं नाही! ते बंद केलं की ब्रेक आणि स्टीअरिंगची मदत जाते, आणि चावी फिरवली तर स्टीअरिंग लॉकही होऊ शकतं. न्यूट्रलमध्ये आवाज थांबला तर शोध एंजिन, गिअरबॉक्स, सायलेन्सरकडे वळवावा. तसाच राहिला तर दोष बहुधा चाकांकडे किंवा वाऱ्याकडे आहे.

पुढचा प्रश्न रस्त्याला विचारायचा. गुळगुळीत डांबर, खडबडीत डांबर, सिमेंट काँक्रीट अशा तिन्ही पृष्ठभागांवरून गाडी न्यावी. पृष्ठभागाबरोबर आवाजाची जातच बदलत असेल, तर संशय टायरवर घ्यावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धी महामार्गावर काँक्रीट लागताच जी गाडी घोंघावू लागते, तिच्यात काही बिघडलेलं असेलच असं नाही. काँक्रीटवरच्या आडव्या रेघाही टायरला गायला लावतात.

टायरमध्ये मात्र बघण्यासारखं पुष्कळ आहे. कारखान्यात टायरच्या नक्षीचे ठोकळे मुद्दाम कमीजास्त लांबीचे ठेवतात, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच सूर निघू नये. अलाइनमेंट बिघडलेली असली किंवा शॉकअप गेलेले असले, की हे ठोकळे करवतीच्या दातांसारखे तिरपे झिजतात आणि तो दाबलेला सूर पुन्हा वर येतो. डोळ्यांना हे सहसा दिसत नाही. हाताचा तळवा टायरवरून एकदा पुढे, एकदा मागे फिरवला की एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने बोचरं लागतं. वयही तपासावं. टायरच्या कडेवरचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. विक्रेत्यांच्या तोंडी ‘टायर नवेच आहेत’ हे वाक्य असतं. हे चार आकडे वाचून ते पडताळावं. खात्री हवी असेल तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करावीत. आवाजाने जागा बदलली, तर तो टायरचाच.

जागा बदलली नाही आणि रस्ता कसाही असला तरी तीच घरघर वेगाबरोबर चढत राहिली, तर बेअरिंगकडे वळावं. गाडी डावीकडे वळवताना भार उजव्या चाकांवर येतो. त्या वेळी घरघर वाढली तर उजवं बेअरिंग सहसा दोषी, उलट झालं तर डावं. मग गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवावं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवावा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते.

देवासात एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्यं नांदली. आवाजाच्याही गाडीत शिरण्याच्या अशा दोन पात्या असतात. एक कंप होऊन सस्पेन्शन आणि पत्र्यातून येते, तिचा सूर खर्जातला. दुसरी हवेतून, दाराच्या फटीतून शिरते, तिचा सूर वरचा. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावं. पट्टी सहज निसटली तर तिथलं रबर मेलेलं आहे. फटींवर चिकटपट्टी लावून एक फेरी मारली तर वाऱ्याचा वाटा किती, तेही कळतं.

या भागात एक गोष्ट जास्तीची बघावी लागते. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं आणि जुनं निसरपूर बुडितात गेलं. त्याच्याच आगेमागे, त्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली होती. मुंबईने २६ जुलै २००५ ला तेच पाहिलं. पुरात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून बाजारात येते. गालिच्याखालचा नमदा पाणी धरून ठेवतो, कुबट वास मारतो, म्हणून तो सरळ काढून फेकला जातो. तळाचा आवाज अडवणारा तोच असतो. बेअरिंगमध्ये पाणी शिरून ग्रीस गेलेलं असतं ते निराळंच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ शोधावी, सीटच्या रुळांवरचे बोल्ट गंजलेत का पाहावं, गालिच्याचा कोपरा उचलून खाली नमदा आहे की नुसता पत्रा, ते बघावं.

अॅक्सेसरीच्या दुकानातली डँपिंग शीट सगळ्यात शेवटी. ती पत्र्याचा कंप कमी करते. झिजलेला टायर किंवा सुकलेलं बेअरिंग तिने बरं होत नाही. तरीही बरेच जण पहिला खर्च तिच्यावर करतात, कारण दुकानदार ती लगेच लावून देतो.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने पुन्हा ऐकावं. टायर आणि अलाइनमेंट एकाच दिवशी बदललं, तर आवाज कशाने गेला ते कळणार नाही. खोल नक्षी शिल्लक असलेल्या टायरचा नुसता घोंघाव पुढच्या टायरबदलापर्यंत सोसला तरी चालेल. बेअरिंगची घरघर मात्र लांबणीवर टाकू नये. ते अडकलं किंवा सैल झालं तर चाकावरचा ताबा जाऊ शकतो.