अनेक मालकांचा एक कारकून



छोट्या पेढीवर शेटजींच्या गादीशेजारी पूर्वी एक दिवाणजी बसत असे. वह्या लिहिणे, पत्रव्यवहार पाहणे, उधारीची आठवण देणे ही त्याची कामे. पगार तुटपुंजा होता; पण मालक डोळ्यांसमोर होता. दिवाणजीची ती जागा आज रिकामी होत चालली आहे. काम मात्र संपलेले नाही. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला आणि विवरणपत्रांची भर पडली. ग्राहकांच्या संदेशांना उत्तरे देणे, पावत्या नोंदवणे, मालाची माहिती संगणकावर चढवणे ही कामे आता तासांच्या हिशेबाने दूर कुठेतरी बसलेल्या, कधीही न भेटलेल्या माणसाकडे सोपवली जातात. त्याला ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ असे भारदस्त नाव आहे. वस्तुतः तो अनेक मालकांचा एक कारकून आहे.

अर्थशास्त्राला यात नवल वाटण्याचे कारण नाही. प्रत्येक काम बाजारातून सुटे विकत घेणे खर्चाचे पडते, म्हणून उद्योगसंस्था माणसे नोकरीवर ठेवतात, असे रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्येच दाखवून दिले होते. इंटरनेटने हा खर्च कमालीचा उतरवला आणि नोकरीचे तुकडे पडले. मालक अमेरिकेत आणि कारकून भारतात किंवा फिलिपाइन्समध्ये, हेही त्यामुळेच शक्य झाले.

याला केवळ शोषण म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते अपुरे ठरेल. छोटा दुकानदार काही भांडवलदार नव्हे. पूर्णवेळ कारकुनाचा पगार त्याला झेपत नाही. लातूर-सांगलीकडच्या एखाद्या पदवीधर गृहिणीला घरबसल्या चार पैसे मिळत असतील, तर तेही तुच्छ लेखण्याजोगे नाही. गरज दोघांचीही खरी आहे. प्रश्न आहे तो जोखमीचा. संगणक तिचा, वीज तिची, आजारपण तिचे, बाळंतपण आणि म्हातारपणही तिचेच. मालक पाच, पण भविष्य निर्वाह निधीत पैसा भरणारा त्यांतला एकही नाही.

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. काम जुळवून देणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत द्यावी, अशी तरतूद तीत आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु जिथे मध्यस्थच नाही, दुकानदार परस्पर फोनवरून काम सांगतो, तिथे ही वर्गणी कोणाकडून घ्यायची?

याचे उत्तर महाराष्ट्राला परके नाही. बाजारपेठेतल्या हमालालाही एक मालक नव्हता. सकाळी एका पेढीची पोती, दुपारी दुसरीची. ‘हा आमचा नोकर नव्हे’ असे प्रत्येक पेढी म्हणे. पुण्यात बाबा आढावांनी आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी हमाल-माथाडींना संघटित केले, आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मालक आणि कामगार दोघांचीही नोंदणी मंडळाकडे. मजुरी आणि तीवरची लेव्ही मालकांनी मंडळात भरायची. त्यातून भविष्य निर्वाह निधी, उपदान आणि रजेचा पगार. एक मालक नसेल, तर सर्व मालक मिळून एक मालक, हे त्या कायद्याचे मर्म. १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांनाही हेच तत्त्व लागू झाले.

पाठीवरच्या ओझ्याला जे लागू झाले, ते पडद्यावरच्या कामाला लागू होऊ नये, याला तात्त्विक आधार नाही. लेव्ही लावली तर काम मनिलाला जाईल, असा आक्षेप येईल. परदेशी मालकांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. तिथे आंतरराष्ट्रीय नियमांवाचून गत्यंतर नाही. पण मराठीत ग्राहकांशी बोलणारे आणि स्थानिक दुकानाचा हिशेब ठेवणारे काम मनिलाला जाणार नाही. आरंभ तिथून करता येईल.

अडचण वेगळीच आहे. हमाल रोज एका बाजारात भेटत. हे कारकून एकमेकांना ओळखतही नाहीत. म्हणून कायद्याच्या मागणीआधी कार्यकर्त्यांचे काम साधे आहे: आपल्या तालुक्यात असे काम करणारे किती, हे घरोघर जाऊन विचारावे, त्यांची यादी करावी आणि त्यांना एकदा एका खोलीत एकत्र बसवावे. संघटनेचा जन्म ओळखीतून होतो.