बाबासाहेबांच्या वाटेवरचा पर्यटक
(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



बाबासाहेब जिथं जिथं गेले तिथं तिथं जाऊन एका लेखकानं प्रवासवर्णन लिहिलंय. मोठ्या आशेनं वाचायला घेतलं. मसूर, बडोदा, महाड, चाळीसगाव, दौलताबाद, येवला, नागपूर. यादीत खोट नाही. आत मात्र घाटातलं धुकं, धाब्यावरचं पिठलं, किल्ल्यावरचा सूर्यास्त आणि पुतळ्याशेजारी लेखकमहाशयांचा फोटो.

बाबासाहेबांनी आपला प्रवास स्वतःच लिहून ठेवलाय. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं त्या आठवणी १९९० साली पुस्तिका म्हणून निघाल्या. आपल्याच देशात हिंडायला आपल्याला व्हिसा लागतो, असा त्या नावाचा रोकडा अर्थ.

१९०१ साली पोरं वडलांकडे गोरेगावला निघाली, मसूर स्टेशनवर उतरली. जात कळली तशी एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एकानं दुप्पट भाडं घेतलं आणि अट घातली, गाडी पोरांनीच हाकायची. वाटेत पाणी मिळालं नाही. जवळ डबा असून पोरं उपाशी झोपली. पुढं कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा! १९३४ साली दौलताबादेत तळ्यावर हातपाय धुतले, तर तळं बाटवलं म्हणून मुसलमानांनी घेरलं. जात प्रत्येक धर्माच्या दारात राखण बसलेली.

आता चाळीसगाव बघा. साल १९२९. बाबासाहेब सरकारी समितीचे सभासद. एकही टांगेवाला त्यांना बसवून घेईना. पाहुण्याला पायी कसं न्यायचं, म्हणून महारवाड्यातल्या माणसांनी टांगा भाड्यानं घेतला. ज्यानं कधी टांगा हाकला नव्हता त्याच्या हातात लगाम आला. पुलावर घोडा-टांगा नदीत गेला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला.

आमचा लेखक याला काय म्हणतो? 'दुर्दैवी अपघात'! संपला विषय. पुढं स्टेशनवरच्या चहाचं वर्णन.

दोस्तहो, यात दैवाचा काय संबंध? टांगेवाल्याच्या नकारानं तो पाय मोडला. लेखकानं पूल पाहिला, नकार पाहिला नाही. कसा दिसणार? त्याला मोटारीचं दार कुणी ना कुणी उघडून देत होतं. एवढ्या प्रवासात तो एकाही वस्तीत शिरला नाही. अस्पृश्यता बंद करणारं घटनेचं सतरावं कलम १९५० साली आलं. ते त्या त्या गावात पोचलं का, हे त्यानं कुणालाच विचारलं नाही.

मग ते आपण विचारू. वही घेऊन निघा. मसूरला जा, चाळीसगावला जा. नळ कुणाच्या आळीत आहे, मसणवट कुणाला कुठली, आडनाव ऐकल्यावर भाड्याची खोली 'आत्ताच गेली' कशी होते, सगळं तारीखवार लिहा. पिठलं गोड लागलं तर तेही लिहा, पण कुणी वाढलं आणि कुठं बसवून वाढलं ते आधी लिहा.

जयभीम.