बारा मैलांची रेषा
(महोत्सवी सभेंत दिलेलें भाषण)



समुद्र कोणाचा, असें कोळीवाड्यांत विचारलें तर वडील मंडळी हंसतील. परंतु कायद्याला हें ठरवावेंच लागतें; आणि तें समजून घेतल्यावांचून, जाळें रिकामें आल्यास तक्रार कोणाच्या दारीं न्यावी, हें आपणांस कळणार नाहीं.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचींत मासेमारी दोन ठिकाणीं आली आहे. राज्यसूचीच्या २१ व्या नोंदींत ती राज्याकडे दिली आहे. संघसूचीच्या ५७ व्या नोंदीनें प्रादेशिक जलापलीकडील मासेमारी केंद्राकडे ठेविली आहे. ही वांटणी मूळची १९३५ च्या कायद्यांतील. म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, सुमारें २२ किलोमीटर, राज्याचे. तेथून २०० मैलांपर्यंत केंद्राचें. मौज अशी कीं, ही रेषा ओढण्याचा अधिकार राज्यास नाहीं. १९५६ सालीं ती ६ मैलांवर व १९६७ सालीं १२ मैलांवर गेली, ती केंद्राच्याच घोषणेनें. शेत राज्याचें, पण बांध घालणारा दुसरा!

आपल्या राज्यानें १९८१ सालीं सागरी मासेमारीचा कायदा केला. २०२१ सालीं तो कडक करून निवाड्याचें काम तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे सोंपविलें. बरें झालें, तहसीलदारांस जमिनीचींच कामें काय थोडीं असतात? एल.ई.डी. दिव्यांची मासेमारी केंद्रानें २०१७ सालीं आपल्या हद्दींत बंद केली, व राज्यानेंही तिला जबर दंड ठेविला. येथें दोन्ही सत्तांचें एकमत आहे.

पर्ससीन जाळ्याचें तसें नाहीं. तमिळनाडू सरकारनें २०२२ सालीं त्यास बंदी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. जानेवारी २०२३ च्या अंतरिम आदेशानें १२ मैलांबाहेर सोमवारीं व गुरुवारीं, सकाळीं ८ ते सायंकाळीं ६ पर्यंत, परवानगी मिळाली. पण बाहेर जाणारी नौका राज्याच्या पाण्यांतूनच जाते आणि त्यांतूनच परतते. जाळें कोठें टाकलें, हें बांगड्याच्या अंगावर लिहिलेलें नसतें! म्हणूनच नौकेवर ठावठिकाणा दाखविणारें यंत्र असावें, अशी अट न्यायालयास घालावी लागली.

नोव्हेंबर २०२५ मध्यें केंद्रानें बाहेरील जलासाठीं नवे नियम काढले. त्यांप्रमाणें यांत्रिक नौकांस प्रवेशपत्र लागतें; पारंपरिक लहान होड्यांस सूट आहे. सूट ऐकून कित्येकांस समाधान वाटलें. मला तें पुरेसें वाटत नाहीं. लहान होडी रेषेपर्यंत पोहोंचतच नाहीं. तिच्या वांट्याला येतें तें बाहेरच्यांनीं सोडलेलें. ज्याच्या अंगणांत ती मासेमारी करते त्या राज्याचा हात बाहेर पोहोंचत नाहीं, आणि ज्याचा हात पोहोंचतो तो दिल्लींत बसलेला असतो.

तेव्हां माझी आपल्या मच्छीमार संस्थांस विनंति आहे कीं, परकी नौका दिसल्यास केवळ “अन्याय झाला” असा अर्ज करूं नये. दिवस, वेळ, नौकेचा क्रमांक आणि जी.पी.एस. यंत्रावरील अक्षांश-रेखांश लिहून ठेवावे, व अर्जाची एक प्रत राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे आणि एक केंद्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे, एकाच दिवशीं, पाठवावी.