आपला माणूस की आपला पक्ष?

(मंडळाच्या एका शुक्रवारच्या बैठकीत वादी कबीरला केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडी डागडुजी करून लिहिलं आहे.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला "अमेरिकेतल्या निवडणुका, वंश आणि पक्षनिष्ठा" हा विषय दिला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, लोकांच्या कंपन्यांत सॉफ्टवेअर बसवून देतो, माझा या विषयाशी काय संबंध? त्यावर ते म्हणाले, "तुम्ही रोज लिफ्टमध्ये यावरच बोलता, तेच जरा माईकवर बोला." तेव्हा आजचं हे लिफ्टमधलंच बोलणं आहे असं समजा. फक्त मजले जरा जास्त आहेत.

आपली गंमत बघा. आपण राहतो अशा देशात जिथे राजकीय पक्षच नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये इथे मजलिस अल शूराच्या ९० जागांची निवडणूक झाली, ती अख्खी 'अंतखिब' नावाच्या मोबाईल अ‍ॅपवर. ना रांग, ना शाई. माझ्यासारख्या माणसाला हेवा वाटला. पण आपल्याला तिथे मत नाही, असायचं कारणही नाही. भारतात आपल्याला मत आहे. २०१० च्या कायद्यातल्या दुरुस्तीने परदेशातल्या भारतीय नागरिकाला मतदारयादीत नाव घालता येतं. मात्र मत द्यायला पासपोर्ट घेऊन प्रत्यक्ष आपल्या गावच्या केंद्रावर उभं राहावं लागतं. म्हणजे एका मताची किंमत विमानाच्या तिकिटाएवढी! म्हणून आपण काय करतो, तर टीव्हीसमोर बसून अमेरिकेची निवडणूक लढवतो. ती फुकट आहे.

तर अमेरिकेपासूनच सुरुवात करतो, पण आपल्या माणसापासून. श्री ठाणेदार. 'ही श्रीची इच्छा' हे त्यांचं आत्मचरित्र तुमच्यातल्या अनेकांच्या कपाटात असेल. जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात. १९७९ साली अमेरिकेत गेले, अ‍ॅक्रन विद्यापीठातून रसायनशास्त्रात पीएच.डी. केली, धंदा उभा केला, मंदीत तो बुडाला, मिशिगनला जाऊन पुन्हा उभा केला. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली, त्यात तिसरे आले. २०२० मध्ये राज्याच्या विधिमंडळात गेले. आणि २०२२ मध्ये डेट्रॉईटमधून थेट अमेरिकन काँग्रेसमध्ये.

ही बातमी आली तेव्हा माझ्या फोनवर अभिनंदनाचे इतके मेसेज आले की जणू मीच निवडून आलो. मी बेळगावकडचा ना! पण डेट्रॉईटमधल्या लोकांना काय वाटलं असेल, हा विचार आपल्यापैकी कोणी केला? मी तरी केला नव्हता. डेट्रॉईट शहरात चारातले तीन लोक कृष्णवर्णीय आहेत. १९५५ पासून, चार्ल्स डिग्ज यांच्यापासून, या शहराचा काँग्रेसमध्ये सतत एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता. ठाणेदार आले आणि जवळजवळ सत्तर वर्षांत प्रथमच तिथे एकही उरला नाही. आपल्याकडे पेढे आणि तिकडे ही रुखरुख.

हे घडलं कसं? डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत नऊ उमेदवार होते, त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय. तिथल्या नेत्यांच्या एका गटाने सगळ्यांनी एकामागे उभं राहावं म्हणून खटपट केली, ती जमली नाही. मतं फुटली. ठाणेदारांनी स्वतःचे लाखो डॉलर ओतले होते, ते २८ टक्क्यांवर जिंकले. पण खरी गोष्ट पुढेच आहे. नोव्हेंबरच्या मुख्य लढतीत त्यांच्यासमोर रिपब्लिकन पक्षाने जो उमेदवार उभा केला तो कृष्णवर्णीय होता. म्हणजे मतदारापुढे सरळ प्रश्न होता. आपल्या रंगाचा माणूस पण दुसऱ्या पक्षाचा, की आपल्या पक्षाचा पण चिकोडीचा? ठाणेदारांना ७० टक्क्यांहून जास्त मतं पडली.

आता कोणी म्हणेल, ही आंधळी पक्षनिष्ठा. मला पूर्वी तसंच वाटायचं. पण ही निष्ठा जन्मजात नाही. लिंकन रिपब्लिकन होता. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, १८७० मध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क कागदावर मिळाला, आणि पुढची साठेक वर्षं त्यांच्या घरात रिपब्लिकन हाच 'आपला' पक्ष होता. दक्षिणेतला गोरा, वर्णभेद टिकवणारा पक्ष तो डेमोक्रॅटिक. मंदीच्या काळात, १९३६ पर्यंत, उत्तरेतली कृष्णवर्णीय मतं रूझवेल्टकडे वळली, कारण हाताला काम मिळालं. तरी १९६० पर्यंत चित्र अर्धवटच होतं. जॅकी रॉबिन्सनसारखा बेसबॉलचा हीरो त्या वर्षी निक्सनचा प्रचार करत होता. मार्टिन ल्यूथर किंग तुरुंगात असताना केनेडीने त्यांच्या पत्नीला फोन केला, आणि निक्सनला मत देणार म्हणणारे त्यांचे वडील केनेडीकडे वळले. तरीही निक्सनला कृष्णवर्णीयांची जवळजवळ तिसरा हिस्सा मतं मिळाली. मग १९६४ उजाडलं. जॉन्सनने नागरी हक्कांचा कायदा केला, रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटरने सिनेटमध्ये त्याच्या विरोधात मत दिलं. त्या नोव्हेंबरात गोल्डवॉटरला कृष्णवर्णीयांची जेमतेम सहा टक्के मतं पडली. आणि गोरा दक्षिण भाग उलट दिशेने सरकला. मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, साउथ कॅरोलिना, लुइझियाना ही राज्यं गोल्डवॉटरला गेली. चार वर्षांत दोन समाजांनी घरं बदलली म्हणा ना! तेव्हापासून दर निवडणुकीत दहातली आठ-नऊ कृष्णवर्णीय मतं डेमोक्रॅटिक पक्षाला जातात.

इथपर्यंत इतिहास. पण एवढी वर्षं ती टिकली कशी? आता कृष्णवर्णीयांतही श्रीमंत आहेत, चर्चमध्ये जाणारे सनातनी आहेत, ज्यांची मतं ऐकली तर रिपब्लिकन वाटतील असे आहेत. मायकेल डॉसन नावाच्या अभ्यासकाने १९९४ मध्ये याचं एक उत्तर दिलं. तो म्हणतो, हा माणूस स्वतःचा फायदा मोजताना आपल्या समाजाचं काय होईल हेच मोजतो, कारण दोघांचं नशीब एकाच दोरीने बांधलंय हे त्याने अनुभवाने ओळखलेलं असतं.

दुसरं उत्तर मला जास्त आवडलं, कारण त्यात प्रयोग आहे आणि आम्हा इंजिनिअर लोकांना प्रयोग आवडतात. इस्माईल व्हाइट आणि शेरिल लेअर्ड यांनी काही सहकाऱ्यांबरोबर २०१२ च्या निवडणुकीच्या वेळी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शंभर डॉलर देऊन सांगितलं, हे ओबामा आणि रॉम्नी यांच्या प्रचाराला वाटून टाका. काहींना वर आमिष दाखवलं, रॉम्नीला जितकं द्याल त्याच्या हिशेबात तुमच्या खिशातही काही पडेल. आमिषाने काहीजण डळमळले. पण ज्यांना सांगितलं की तुम्ही कोणाला किती दिले ते कॉलेजच्या वर्तमानपत्रात नावासकट छापणार, ते फारसे हलले नाहीत. म्हणजे काय? 'लोक काय म्हणतील!' हे वाचून मी मोठ्याने हसलो, आणि मग हसू थांबलं, कारण मला खानापूर आठवलं.

आता जरा घरचं सांगतो. मी खानापूर तालुक्यातला. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, खानापूर, निपाणी हा सगळा मराठी पट्टा म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्र आजही ८६५ गावं मागतो, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे. हे तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते एवढंच, की आमच्या घरात मत म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समिती. आजोबांचं, आप्पांचं, आईचं. त्यावर चर्चा होत नसे, जशी देवाला दिवा लावायचा की नाही यावर होत नाही. जाहीरनामा कोणी वाचला नाही. १ नोव्हेंबरला आप्पा काळी फीत लावून बेळगावच्या मूक सायकल फेरीत जायचे.

मे २०१८ मध्ये कर्नाटक विधानसभेची निवडणूक होती. मी परदेशी मतदार म्हणून नाव घातलं होतं, सुट्टी जुळवून आणली, गोव्याला उतरून चोर्ल्याच्या घाटाने जांबोटीमार्गे घरी गेलो. २०१३ मध्ये खानापूरला समितीचा आमदार निवडून आला होता. पण २०१८ ला समितीत दोन गट, आणि एकाच मतदारसंघात दोन्ही गटांचे दोन उमेदवार! काँग्रेसने अंजली निंबाळकर यांना उभं केलं होतं, त्याही मराठीच. माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता. दोघांत फुटलेलं मत वाया जाणार. मी समितीला मत दिलं नाही. कोणाला दिलं ते इथे सांगत नाही, गुप्त मतदान आहे.

गुप्त कसलं! जेवताना आप्पांनी ताटावरून मान वर न करता विचारलं, "कुणाला घातलास?" खोटं बोलायला जमलं नाही. ते म्हणाले, "एवढ्या लांबून विमानाने आलास, ते ह्यासाठी?" मी सांगायला लागलो, आमदार सत्तेतल्या पक्षाचा असला तर रस्ता होईल, दवाखाना होईल, समितीची दोन माणसं एकमेकांनाच पाडतायत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रस्त्यासाठी नाही रे घालत आम्ही मत. ही आमची शिरगणती आहे. अजून किती जण इथे आहेत ते बेंगळुरूला आणि दिल्लीला कळायला दुसरी जागा कुठे आहे? उद्या कोर्टात म्हणतील, हे मराठी लोकच समितीला मत घालत नाहीत, तर मागतंय कोण?"

निकाल लागला. मतं फुटली, काँग्रेस जिंकली. समितीची पाटी कोरी राहिली, २०२३ लाही कोरीच. आप्पा माझ्याशी आठवडाभर कामापुरतं बोलले. निघायच्या दिवशी काजूच्या बियांची पिशवी मात्र बॅगेत होती.

खरं सांगायचं तर डॉसनचं पुस्तक मला पुढे कळलं, आणि मी म्हटलं, हे तर आमच्या जेवणाच्या ताटावरचं आहे. मतपेटी म्हणजे शिरगणती. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. जे गिऱ्हाईक कुठे जाणारच नाही त्याच्यासाठी दुकानदार भाव का कमी करेल? पॉल फ्रायमर या अभ्यासकाने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांबद्दल हेच लिहिलंय. एक पक्ष त्यांना खिशात धरून चालतो, दुसरा त्यांच्याकडे फिरकतच नाही. बेळगावकडे वेगळं घडलं. मोठे पक्ष फिरकले, आणि त्यांनी मराठी उमेदवारच उभे केले. 'आपला माणूस' त्यांच्याकडे, 'आपला पक्ष' इकडे. डेट्रॉईटच्या मतदाराने पक्ष धरला. आमच्या तालुक्याने माणूस धरला. दोघांपैकी कोण शहाणं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आप्पांना विचाराल तर ते क्षणात सांगतील. आणि बेळगाव लोकसभेच्या २०२१ च्या पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला लाखाहून जास्त मतं पडली तेव्हा त्यांनी मला मुद्दाम फोन केला होता. तो उमेदवार पडला होता, पण आप्पांचा आवाज जिंकल्याचा होता.

शेवटचं सांगतो आणि थांबतो, चहा आलेला दिसतोय. २०२४ ची दिवाळी आठवते ना? १ नोव्हेंबर, शुक्रवार, लक्ष्मीपूजन. आप्पा त्या वेळी व्हिजिट व्हिसावर इथे वादी कबीरला होते. कर्नाटकचा राज्योत्सव, आमचा काळा दिवस आणि लक्ष्मीपूजन, सगळं एकाच दिवशी. सकाळी बघतो तर दिवाळीच्या नव्या शर्टाच्या बाहीवर काळी फीत. माझी मुलगी विचारत होती, "आजोबा, तुम्हाला लागलंय का?"

दुपारी बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधले धारवाडचे काका, छातीवर लाल-पिवळा बिल्ला, हातात धारवाडी पेढ्यांचा डबा. मी दारातच गार पडलो. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, फितीकडे पाहिलं, बिल्ल्याकडे पाहिलं. मग आप्पा कन्नडमध्ये म्हणाले, या, बसा. पुढचा दीड तास उसाचा दर, गुडघेदुखी आणि हुबळीचा एक डॉक्टर, सगळं कन्नडमध्ये. मला निम्मंच कळलं.

टीव्हीवर कमला हॅरिस आणि ट्रम्प चालू होते, चार दिवसांवर मतदान. काका गेल्यावर आप्पांनी विचारलं, "ही आपली का रे?" मी म्हटलं, आई तमिळ, वडील जमैकाचे. "मग आपली कशी?" मी म्हटलं, आपला तिकडे डेट्रॉईटला आहे, तोही पुन्हा उभा आहे, चिकोडीचा. पुढच्या आठवड्यात निकाल लागला, हॅरिस हरल्या, ठाणेदार पुन्हा निवडून आले. आप्पांना सांगितलं. ते फीत घडी घालून बॅगेत ठेवत होते. म्हणाले, "चिकोडीचा ना? इकडे समितीतून उभा राहिला असता तर पडला असता."