सौर पॅनेलांची अखेर
राजस्थानातील भाडला येथे दूरवर पसरलेली सौर पॅनेले पाहताना त्यांच्या वार्धक्याचा विचार सहसा मनात येत नाही. त्यांचे आयुष्य सुमारे २५ ते ३० वर्षांचे. वजनाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग काच. उरलेल्यात ॲल्युमिनियमची चौकट, सिलिकॉन, तांबे, किंचित चांदी आणि बहुधा डाखातील शिसे. ऊनपावसापासून रक्षण व्हावे म्हणून हे थर प्लॅस्टिकच्या पापुद्र्यांनी घट्ट चिकटवलेले असतात; तोच चिकटपणा पुढे घटक विलग करण्याच्या आड येतो. चौकट काढून बाकीचे उकिरड्यावर टाकले, तर चांदी वाया जाते व शिसे मातीत झिरपू शकते. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी २०३४-३५ पर्यंतचा हा कचरा साठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. परंतु साठवण म्हणजे विल्हेवाट नव्हे. पुढे सुटे करता येईल, अशा रीतीनेच पॅनेल जोडले जावे.