जुन्या जीपचे शॉक अॅब्सॉर्बर

स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबईत जुळणी होऊ लागलेल्या विलीस जीपगाड्यांपैकी ज्या आजही घाटवाटांवर चाकरी बजावीत आहेत, त्यांच्या चालकांत असा एक समज आढळतो की गाडीचा भार शॉक अॅब्सॉर्बर पेलतात. वस्तुतः भार पेलणे हे पोलादी पाट्यांचे काम, आणि खड्ड्यात दबून उसळलेल्या त्या पाट्यांचे आंदोलन आवरणे एवढेच शॉक अॅब्सॉर्बरचे. नळकांड्यातील दट्ट्या तेलाला सूक्ष्म छिद्रांतून जाण्यास भाग पाडतो आणि उसळीची शक्ती उष्णतेच्या रूपाने विरून जाते. सबब सील झिजून तेल पाझरू लागले, की खड्डा ओलांडल्यावरही गाडी डोलत राहते आणि टायर जागोजाग विषम झिजतात.

बदल करावयाचा तो एकाच अॅक्सलवरील दोन्ही बाजूंस मिळून करावा. एकाचीच तजवीज करणे ही माझ्या मते काटकसर नव्हे. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सैल करणारे तेल सोडावे, कारण घाईने जोर केल्यास जुना स्टड तुटतो आणि मग वेल्डिंगवाल्याची मनधरणी आलीच. जीप नुसत्या जॅकच्या भरवशावर न ठेवता चासीखाली भक्कम घोड्या लावाव्यात. तेलाचा नवा नग बसविण्यापूर्वी उभा धरून काही वेळा पूर्ण दाबावा व ओढावा, म्हणजे आडवा पडून राहिल्याने आत शिरलेली हवा वर सरते. आणि रबरी बुशांचे नट मात्र चाके जमिनीस टेकून गाडीचा भार आल्यावरच अखेरचे आवळावेत, अन्यथा रबर पिळलेल्या स्थितीत जखडून अल्पावधीत फाटते.